काचेबाहेरची आई

मी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. माझी लेक नऊ वर्षांची. रोज संध्याकाळी जिम्नॅस्टिक्सला जाते. तिथल्या प्रशिक्षकांना आम्ही पालक 'सर' म्हणतो, आणि माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक मला 'बाई' म्हणतात. शब्द वेगळे, पण विश्वास तोच. मूल तुमच्या हवाली केलंय, आता तुम्ही बघा.

गेल्या महिन्यात सरांनी सगळ्या मुलींना ओळीनं वजनकाट्यावर उभं केलं. माझ्या लेकीची पाळी आली तेव्हा आकडा मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "हिच्या पोळ्या कमी करा." मुली हसल्या. मी काचेच्या बाहेर बसून पेपर तपासत होते. ऐकू आलं, पण बोलले नाही. त्या रात्री लेकीनं अर्धीच पोळी खाल्ली.

हेच वाक्य मी वर्गात एखाद्या मुलाला म्हटलं असतं तर? शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 17 नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही. मुख्याध्यापकांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं असतं. मग तेच मूल शाळेतून निघून रिक्षानं पंधरा मिनिटांवर गेलं की नियम बदलतो कसा?

म्हणून थोडं मागे जाऊन वाचलं. आणि पहिलाच धक्का बसला: हा मुळात लहान मुलींचा खेळ नव्हताच!

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या अ‍ॅग्नेस केलेतीनं चार सुवर्णपदकं जिंकली. वय 35. तिच्याशी टक्कर देणारी सोव्हिएत संघाची लारिसा लातिनिना 1958 च्या जागतिक स्पर्धेत गरोदर असताना उतरली आणि पाच सुवर्णपदकं घेऊन गेली. पुढची दोन ऑलिंपिक ती आई म्हणून खेळली. म्हणजे त्या काळात आई काचेबाहेर नव्हती, मॅटवर होती.

चित्र बदललं सत्तरच्या दशकात. 1972 ला म्युनिकमध्ये 17 वर्षांच्या ओल्गा कोर्बुटनं जगाला वेड लावलं. 1976 ला माँट्रियलमध्ये रुमानियाची नादिया कोमानेची आली. वय फक्त 14. तिला पूर्ण 10 गुण मिळाले, आणि फलकावर दोन आकडी गुण दाखवायची सोयच नसल्यानं तिथे 1.00 असं झळकलं. हा किस्सा आपण सगळ्यांनी कौतुकानं सांगितलाय. पण त्या फलकानं सगळ्या देशांना एक धडाही दिला: हलकं, छोटं शरीर हवेत लवकर फिरतं. मग मुली जितक्या लहान तितक्या बऱ्या. आणि मूल लहान म्हटलं की ते विचारत नाही, उलट बोलत नाही. विचारायचं काम आईबापांचं, आणि ते बाहेर.

वयाची अट पुढे वाढली. 1981 ला 15, 1997 पासून 16. पण ही अट मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याची. सराव कितव्या वर्षी सुरू करायचा आणि कसा करून घ्यायचा, याला ती लागू होत नाही.

1996 ला अटलांटात 18 वर्षांच्या केरी स्ट्रगनं पाय दुखावलेला असताना दुसरी व्हॉल्ट मारली. प्रशिक्षकांनी तिला उचलून आणलं आणि जगानं टाळ्या वाजवल्या. नंतर गुणांचा हिशेब झाला तेव्हा कळलं, ती उडी नसती मारली तरी अमेरिकेला सुवर्ण मिळणारच होतं.

त्याच अमेरिकेत निवडलेल्या मुली टेक्सासमधल्या एका आडबाजूच्या रँचवर शिबिराला जात. आईवडिलांना तिथे प्रवेश नसे. संघाचा डॉक्टर लॅरी नासर त्या व्यवस्थेत वर्षानुवर्षं मुलींवर लैंगिक अत्याचार करत राहिला. 2016 मध्ये वर्तमानपत्रानं प्रकरण उघड केलं. जानेवारी 2018 मध्ये मिशिगनच्या न्यायालयात 156 जणींची निवेदनं ऐकली गेली. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली, जी वाचून मी फोन खाली ठेवला. काही वेळा आई त्याच खोलीत बसलेली होती. डॉक्टर मोठा, नाव मोठं, आपल्याला काय कळतं, असं समजून.

आणि हे फक्त अमेरिकेत नाही. ब्रिटनमध्ये 2022 ला अ‍ॅन व्हाइट यांचा चौकशी अहवाल आला. चारशेहून जास्त लोकांनी आपलं म्हणणं मांडलं होतं. त्यातल्या 40 टक्क्यांहून अधिक निवेदनांत शारीरिक छळाचा उल्लेख होता. वजनावरून सगळ्यांसमोर पाणउतारा करणं हेही त्या अहवालात आहे. ते वाचताना मला आमचा वजनकाटा दिसला.

आता कुणी म्हणेल, बाई, पदक हवं तर एवढं चालायचंच. मग रिओ आठवा. 2016 ला आपल्या दीपा कर्माकरचं व्हॉल्टचं कांस्य 0.150 गुणांनी हुकलं, तेव्हा माझी लेक पोटात होती आणि मी टीव्हीसमोर रडले होते. दीपा 23 वर्षांची होती. त्याच अंतिम फेरीत उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना होती. वय 41, एका मुलाची आई. म्हणजे नवव्या वर्षी पोळी मोजल्याशिवाय हा खेळ होत नाही, असं काही नाही.

मी सरांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः शिक्षिका. शिस्त तुम्हाला काय सांगायची?" मी म्हटलं, "म्हणूनच आलेय सर." वाद घातला नाही. वजन बाजूच्या खोलीत घ्या, आकडा फक्त पालकांना सांगा, आणि खाण्याबद्दल जे बोलायचं ते माझ्याशी बोला, एवढंच मागितलं. त्यांनी मान्य केलं, पण खूश नव्हते. दोन आयांनी मला बाहेर गाठून "बरं झालं" म्हटलं. तिसरी म्हणाली, "जिल्ह्याच्या निवडीत आता आपल्या मुलींचं काय होईल?" तिची भीती खोटी नाही. रँचच्या दाराशी थांबलेल्या आईबापांचीही भीती हीच होती.

आणि एक कबुली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी एका मुलाला चाचणीचे गुण सगळ्यांसमोर वाचून दाखवणार होते. शून्य होतं. तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं. सोळा वर्षांच्या नोकरीत किती वेळा गिळलं नसेल, देव जाणे. माझ्याही वर्गाबाहेर काच आहे, आणि पलीकडे कुणाची तरी आई.

तुमचं मूल कुठल्याही क्लासला जात असेल तर चार गोष्टी विचाराच. सराव बघायला बसता येतं का? दुखापत झाली तर थांबवायचं कोण ठरवतं? मूल एकट्या मोठ्या माणसासोबत बंद खोलीत असतं का? तक्रार करायची तर सरांशिवाय दुसरं कोण आहे? आणि लक्षात ठेवा, लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर ती कळवणं 2012 च्या पोक्सो कायद्यानं आपल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात शाळा, अकादमी, मैदान असा फरक नाही.

लेक अजून जाते. काल बीमवर पहिल्यांदा न पडता कार्टव्हील मारली. मी बघत होते. पेपर पिशवीतच होते.