मायची पोथी, सकळ लिपी आणि एक नवा लेखनिक

परवा कपाट आवरताना एक जुनी सीडी हाती लागली. तिच्यावर निळ्या शाईने माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'मायच्या आठवणी, अकोला, २००४'. थोडा वेळ तशीच हातात धरून बसलो.

तेव्हा माझ्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. मी अमरावतीला, माय अकोल्याला. शनिवारची शाळा सुटली की एसटीने अकोला गाठायचं, रात्री मायला बोलतं करायचं आणि ती सांगेल ते वहीत उतरवून घ्यायचं. अमरावतीला परतल्यावर आठवडाभर तेच कॉम्प्युटरवर टाईप करायचो. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज असेल तेवढाच वेळ काम. वर्षभरात दीडशे पानं झाली. कारंज्याचं माहेर, पऱ्हाटीची वेचणी, जिनिंगचा भोंगा, मूर्तिजापूरची शकुंतला गाडी, असं सगळं त्यात होतं. २००६ साली माय गेली. पुढे घर बदलताना मी त्या वह्या रद्दीत दिल्या. 'आता सगळं कॉम्प्युटरात आहे' म्हणून! इतिहास शिकवणाऱ्या माणसाने केलेली ही गोष्ट. सांगायलाही लाज वाटते.

तर ती सीडी. माझ्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. शेजाऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती उघडली, दोनतीन ठिकाणी ओरखडे होते तरी फाईल निघाली. पण आत मराठीचं एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आबाजी, फाईल ठीक आहे. तुमचा तेव्हाचा फॉन्ट आता नाहीये, एवढंच."

एवढंच! मी जरा खोलात गेलो. त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टांत आत इंग्रजीच अक्षरं साठवलेली असत. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा अंगरखा घालायचा. एका प्रचलित पद्धतीत पडद्यावर 'मराठी' दिसायचं, पण आत 'ई, जे, के, बी, एच' ही पाच अक्षरं असायची. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याकडे उघडत नसे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं मानक १९९१ साली ठरलं होतं. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड आलं आणि त्यात देवनागरीला १२८ जागांचं स्वतःचं घर मिळालं. पण ते आपल्या टेबलापर्यंत यायला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात आपण सगळ्यांनी जे टाईप केलं ते एका परीने गुप्त लिपीतच होतं. फॉन्ट ही तिची किल्ली. किल्ली हरवली की पोथी बंद.

गुप्त लिपी म्हटलं की आम्हा अमरावतीकरांना रिद्धपूर आठवणारच. ते आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून तिथे 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. पुढच्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सांकेतिक लिप्या वापरायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, वज्र, अंक अशी त्यांची नावं. त्यांतली सकळ लिपी रवळोबासांनी सिद्ध केली असं मानतात. युक्ती साधीच होती. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर लिहायचं. ज्याच्याजवळ किल्ली त्यालाच अर्थ लागणार. त्यामुळे मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ शतकानुशतकं मराठी वाचकांनाच ठाऊक नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही लिपी उलगडली आणि मग ते भांडार खुलं झालं. १९७८ साली वि. भि. कोलत्यांनी संपादिलेलं लीळाचरित्र शासनाने प्रसिद्ध केलं. कोलते आपले वऱ्हाडातलेच, मलकापूरजवळच्या नरवेलचे. आता त्याच रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे.

महानुभावांनी लिपी मुद्दाम बदलली. आमची बाजाराने बदलून टाकली. पण कोडं तेच आणि मला तर कुणी राजवाडे मिळणार नव्हते. नातू म्हणाला, "प्रोग्राम लिहून देणारी एआय आहे की. तिला मराठीत सांगा." नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा शब्द घरोघरी पोचला आहे. पण माझ्यासारख्या मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाने प्रोग्राम लिहवून घ्यावा? नातवाने दिवाळीच्या सुटीत लॅपटॉपवर सगळं मांडून दिलं आणि तो पुण्याला परतला. उरलो मी आणि हा नवा लेखनिक.

खरं सांगतो मंडळी, पहिले आठ दिवस मजेत गेले. सकाळी फिरून यायचं, चहा घ्यायचा आणि बसायचं. मी मराठीत लिहायचो, तो प्रोग्राम लिहायचा. मी तो चालवायचा, काय चुकलं ते सांगायचं, तो सुधारायचा. पहिल्या प्रयत्नात 'सूर्य'चा 'सूयर्' झाला आणि 'धर्म'चा 'धमर्'. 'किल्ली'तली वेलांटी 'क'च्या आधी जाऊन लोंबकळली. कारण समजून घेतलं तेव्हा गंमत वाटली. जुने फॉन्ट डोळ्यांना दिसेल तसं साठवत. पहिली वेलांटी आधी दिसते म्हणून आधी, रफार शेवटी दिसतो म्हणून शेवटी. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं. 'कि' म्हणताना आधी क, मग इकार. पहिलीच्या पोरांना आपण हेच शिकवतो!

मग आलं आमचं वऱ्हाड. ते झालं 'वर्हाड'. पऱ्हाटीची 'पर्हाटी' आणि कुऱ्हाडीची 'कुर्हाड'. म्हणजे आमचा प्रांत आणि प्रांताचं पीक, दोन्ही एका अक्षरापायी आडवे. मी त्याला वर्गात सांगायचो तसंच सांगितलं. आचार्यांना म्हणजे गुरुजींना आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. या दुसऱ्या र साठी युनिकोडात वेगळी सोय आहे, ती वापर. त्याने लगेच माफी मागितली, माझं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं आणि दुरुस्ती केली. इतका नम्र विद्यार्थी पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला एकही भेटला नाही. भेटला असता तर मी सावध झालो असतो.

इथे झालो नाही. प्रोग्रामने सगळी पानं मराठीत आणली. थोड्या किरकोळ चुका उरल्या होत्या. मी कंटाळून तो सगळा मजकूरच त्याच्यापुढे टाकला आणि लिहिलं, 'राहिलेल्या चुका दुरुस्त कर.'

मिनिटाभरात दीडशे पानं स्वच्छ होऊन आली. रात्री वाचायला बसलो. एकही चूक नाही. शुद्धलेखन असं की पैकीच्या पैकी गुण द्यावेत. पण चारपाच पानं झाली तरी मायचा आवाज काही ऐकू येईना. मग ध्यानात आलं. 'मले'चं 'मला' झालं होतं. 'कायले'चं 'कशाला'. 'सांगून राह्यली'चं 'सांगत आहे'. ओरखड्यांमुळे जिथे मजकूर तुटला होता तिथे चक्क नवी वाक्यं आली होती. एका ठिकाणी माय म्हणत होती की तो दिवस तिच्या आयुष्यातला अविस्मरणीय दिवस होता. अविस्मरणीय! माझ्या मायने जन्मात हा शब्द उच्चारला नसेल. विचारलं तेव्हा लेखनिकाने कबूल केलं की संदर्भावरून अंदाज केला.

राग आला, पण तो टिकला नाही. कारण 'चुका दुरुस्त कर' हे मीच म्हटलं होतं. आणि 'मले' ही चूक आहे हे मी तरी पस्तीस वर्षं वेगळं काय सांगत होतो? लाल शाईने किती 'मले' खोडले असतील याची गणती नाही. दर्यापूरकडच्या खेड्यातला एक पोरगा आठवतो. 'माझी आई' या निबंधात त्याने आई बोलते तसंच लिहिलं होतं. मी तो वर्गात वाचून दाखवला, चूक समजावी म्हणून. वर्ग हसला. त्या पोराने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. त्याचे गुण कापून मी घरी आलो असेन आणि शनिवारी मायजवळ बसून तिचं 'मले' वहीत जपून उतरवलं असेल. दोन्ही करणारा मी एकच, हे तेव्हा मनातही आलं नाही.

रिद्धपूरकरांना ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वी कळली होती. पंथात संस्कृत पंडितांची वाण नव्हती. केशवदेवांनी संस्कृतात लिहायचं काढलं तेव्हा नागदेवाचार्यांनी नको म्हटलं. आपल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, हे कारण दिलं. आणि पुढे धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गहाळ झाली तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा लिहिली. आठवणी जुळल्या नाहीत. मग काय केलं? वेगवेगळ्या आठवणी त्या त्या माणसाच्या नावानिशी नोंदवल्या. हिराइसेला असं आठवतं, दुसऱ्या कुणाला तसं.  जे गेलं ते गेलंच, आणि ज्याने भरून काढलं त्याचं नाव तिथे आहे. माझ्या लेखनिकाने मात्र रिकामी जागा अशी बुजवली की शिवण दिसू नये.

मी ती 'शुद्ध' प्रत पुसून टाकली. प्रोग्रामने दिलेली प्रत पुन्हा घेतली. या वेळी लेखनिकाला तीन गोष्टी सांगितल्या. एकही शब्द बदलायचा नाही. वाचता येत नाही तिथे टिंबं द्यायची. जिथे जिथे हात लावला त्याची यादी द्यायची. शिवाय एक छोटा प्रोग्राम लिहवून घेतला. तो जुन्या फाईलमधले 'मले' मोजतो आणि नव्यातले मोजतो. दोन्हीकडे ४१२ आले तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. त्याला न्याय द्यायचा तर हेही सांगितलं पाहिजे की नीट सांगितल्यावर त्याने चोख काम केलं. त्याच्याशिवाय मायची पोथी मला पुन्हा वाचायला मिळाली नसती.

टिंबांच्या जागा उरल्या. त्या घेऊन मागच्या रविवारी अकोल्याला गेलो. ताई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. 'अविस्मरणीय दिवस' म्हणजे माय लग्न होऊन सासरी निघाली तो दिवस. कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला आणि तिथून मोठ्या गाडीने अकोला. ताई म्हणते, माय मूर्तिजापूरपर्यंत रडत आली असं सांगायची. मला आठवतं ते निराळंच. गाडी इतकी हळू होती की बैलगाडीने पोचले असते म्हणून मायला हसू आवरेना, असं ती सांगायची. आम्ही तासभर भांडलो. ताई म्हणाली, "तुले काय माईत, तू त तवा पोट्टा होता." मी म्हटलं, मी लिहून घेतलं होतं. "मंग कुठी हाये ते?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

शेवटी त्या जागी दोन्ही लिहिलं. एकाखाली 'ताईची आठवण', दुसऱ्याखाली 'माझी आठवण'.

असो. तुमच्याही कपाटात अशी एखादी सीडी असेल तर या आठवड्यातच काढून बघा. ती उघडणारी यंत्रं आणि ती वाचून 'हे मायचं नव्हे' असं सांगणारी माणसं, दोन्ही कमी होत चालली आहेत.