भोपाळच्या बेगमा : माता आणि कन्या

मराठी इतिहासग्रंथांत भोपाळ येते ते बहुधा रणभूमी म्हणून. १७३७ साली पहिल्या बाजीरावाने निजामाला येथेच कोंडले. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी शहरास वेढा घातला व वजीर महंमद खानाने तो सोसला. अवधपुरीसारख्या नव्या वस्तीतून जुन्या शहरात जाताना आम्हांस मात्र या लढायांपेक्षा वेगळीच एक हकीकत आठवते. त्या वेढ्यानंतर सातच वर्षांत वजीर महंमदाच्या घराण्याची सत्ता एका तरुण विधवेच्या हाती गेली आणि मधली थोडी वर्षे सोडल्यास १९२६ पर्यंत ती स्त्रियांकडेच राहिली. या कारकिर्दीचा गौरव पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या घरात हे राज्य चालले, त्या घरात एकामागून एक आया आपली मुले नवऱ्यावाचून वाढवीत होत्या, याकडे इतिहासकार ओझरते पाहून पुढे जातात.

१८१९ साली नवाब नजर महंमद खान लहान मेव्हण्याच्या हातून चुकून सुटलेल्या पिस्तुलाच्या गोळीने मृत्यू पावले. पत्नी कुदसिया बेगम यांचे वय तेव्हा विशीच्या आसपास, पदरी अगदी लहान मुलगी. राज्य मुलीचेच आहे आणि तिचा विवाह होईपर्यंत आपण ते सांभाळू, असा पवित्रा त्यांनी घेतला व तो तडीस नेला. पण हा मार्गच शेवटी काट्याचा ठरला. जावई नवाब होणार हे आधीच मान्य झालेले असल्याने जहाँगीर महंमद खान यांच्याशी १८३५ मध्ये सिकंदर बेगमांचा विवाह झाला आणि दोन वर्षांत सत्ता जावयाकडे गेली. सिकंदर गर्भवती असताना पतीने त्यांच्यावर तलवार चालविली. त्या वाचल्या, आणि आईसह शहराबाहेरच्या इस्लामनगरात जाऊन राहिल्या. १८३८ मध्ये शाहजहान बेगम जन्मल्या त्या तेथेच. (२०२३ पासून या गावास पुन्हा जगदीशपूर हे जुने नाव मिळाले आहे.) मुलीच्या हक्कासाठी जी सोयरीक आईने पत्करली, तीच मुलीच्या जिवावर उठली होती. तरी मुलगी आश्रयास आली ती आईच्याच. मायलेकींत त्या वेळी काय बोलणे झाले असेल, हे कोणत्याही बखरीत नाही. पुढे १८६३-६४ मध्ये सिकंदर बेगम हजला गेल्या तेव्हा वृद्ध आई सोबत होती, एवढे मात्र नोंदलेले आहे.

जहाँगीर महंमद १८४४ साली वारले. गादी बालवयातील शाहजहानची आणि कारभार सिकंदर बेगमांचा, अशी व्यवस्था लागली. १८६० मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. वयात आलेल्या शाहजहान बेगमांनी आपला हक्क आईसाठी सोडला आणि सिकंदर बेगम स्वतःच्या नावाने राज्यकर्त्या झाल्या. आपल्याकडे याला कोणी मातृभक्ती म्हणेल. आम्हांस त्यात भीडही दिसते. ज्या घरात आई हीच सरकार आहे, तेथे मुलीने ‘नाही’ कसे म्हणावे?

येथून पुढची हकीकत अधिक दुःखाची आहे. शाहजहान बेगमांची कन्या सुलतान जहान (जन्म १८५८) आईपेक्षा आजीच्या देखरेखीखाली अधिक वाढली. १८६७ मध्ये वडील गेले, पुढच्याच वर्षी आजी गेली. १८७१ मध्ये आईने सिद्दीक हसन खान या विद्वानाशी पुनर्विवाह केला. १८७५ च्या सुमारास सुलतान जहान यांचाही विवाह झाला आणि त्यानंतर मायलेकींतील अंतर वाढतच गेले. सुलतान जहान यांची थोरली कन्या बिल्कीस जहान आता आपल्या आजीपाशी वाढू लागली. जे स्वतःच्या बालपणी घडले तेच लेकीच्या वाट्यास आले! बिल्कीस लहानपणीच वारली. त्या दुःखानेही दोघी एकत्र आल्या नाहीत. १८८५ मध्ये इंग्रज सरकारने सिद्दीक हसन यांचे किताब काढून घेतले, १८९० मध्ये ते निवर्तले. तरी शहर एकच असून दोन्ही घरांचे दरवाजे एकमेकांस बंदच राहिले. १९०१ मध्ये शाहजहान बेगम मुखाच्या कर्करोगाने अंथरुणास खिळल्या. लेक भेटीस गेली, पण आईने तिला जवळ केले नाही. जून महिन्यात आई गेली आणि लेक गादीवर बसली. पुढच्या जानेवारीत पती वारले. तीन मुलगे घेऊन सुलतान जहानही एकट्या पडल्या.

ही सारी कथा आपणांस ठाऊक आहे ती मुख्यतः सुलतान जहान यांच्याच लेखणीतून. आपल्याकडे रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्या पतीभोवती फिरतात. सुलतान जहान यांच्या आत्मवृत्तात मात्र खरा सल आईचा आहे. आईविषयी त्या आदराने लिहितात आणि दुराव्याचा सारा दोष सावत्र वडिलांवर टाकतात. इतिहासाचे साधन म्हणून ही मांडणी एकांगी आहे, हे सांगितलेच पाहिजे. स्वतःचा ग्रंथ लिहिणारी, राज्य चालविणारी स्त्री दुसऱ्याच्या सांगण्यावरून लेकीला दूर लोटते, हे आम्हांस पटत नाही. असे म्हणणे म्हणजे आईची बुद्धीच नाकारणे होय. परंतु दोष दुसऱ्यावर घातला नसता तर आईचे चरित्र लिहिण्यास हात उचलला असता काय, असेही वाटते. कारण पुढे त्यांनी ‘हयात-इ-शाहजहानी’ हे आईचे चरित्र सिद्ध केले. पणजी कुदसिया बेगमांचेही लिहिले.

१९२४ मध्ये त्यांचे दोन थोरले मुलगे वारले. १९२६ मध्ये त्यांनी हयातीतच धाकटे पुत्र हमीदुल्ला खान यांस गादी दिली. वारसाने आईच्या मरणाची वाट पाहत बसावे, हे त्यांनी स्वतः अनेक वर्षे भोगले होते.

त्यांची नात आबिदा सुलतान पुन्हा आजीच्याच कडक शिस्तीत वाढली. विवाह कुरवाईच्या नवाबाशी झाला, पण संसार टिकला नाही. एकुलत्या मुलास घेऊन त्या वेगळ्या राहिल्या आणि १९५० साली पाकिस्तानात गेल्या. त्या मुलाने, शहरयार खान यांनी, २००० साली भोपाळच्या बेगमांचा इतिहास इंग्रजीत लिहिला.