विजयनगरचं पोट कोण भरत होतं?

हंपीला गेलेले आपण लोक दगडी रथ, हजारराम मंदिर, हत्तीखाना बघतो आणि परततो. वाटेत भाताची खाचरं आणि केळीच्या बागा लागतात, त्यांचे फोटोसुद्धा कुणी काढत नाही. पण त्यांना पाणी देणारा तुर्तू कालवा विजयनगरच्याच काळातला आहे, आणि तो अजून वाहतो. एवढ्या मोठ्या शहराला खायला कोण घालत होतं, हे शोधायचं तर तट ओलांडून बाहेर पडायला हवं.

परदेशी प्रवाशांनी बाजार वर्णिला आहे. १५२०च्या सुमारास आलेला पोर्तुगीज दोमिंगो पाइश तांदूळ, गहू, मूग, हुलगे असं काय काय मोजतो. लादलेल्या बैलांचे तांडे इतके, की ते जाईपर्यंत रस्त्यात थांबावं लागे म्हणतो. पण हे बैल कुठल्या गावचे? ते तो सांगत नाही. शिलालेखांत कालवे, तलाव, देवळाला दिलेल्या जमिनी भरपूर. कोरडवाहू शेतकरी मात्र क्वचितच.

ही उणीव भरून निघाली ती पायपिटीनं. कार्ला सिनोपोली आणि कॅथलीन मॉरिसन यांच्या पथकानं १९८७ ते १९९७ या काळात शहराभोवतीचा मुलूख रांगेनं चालून नोंदवला. वस्त्यांचे अवशेष, खापरं, ताली, जनावरांचे वाडे, तलावांचे भराव, मोऱ्या, जुने रस्ते, जे दिसेल ते. शिवाय कमलापूर तलावाच्या गाळातले परागकणही तपासले गेले.

त्यातून दिसतं ते असं. नदीच्या कालव्यांवरची बागायत बहुतांशी सुरुवातीच्या काळातली. पण कालव्याचं पाणी चढ चढत नाही! उताराची सोयीची जमीन संपली की संपली. म्हणून सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहर फुगलं, तेव्हा वाढ झाली ती कोरड्या बाजूला. तिथं ओढ्यानाल्यांवर तलावांमागून तलाव बांधले गेले. दरोजीच्या खोऱ्यात तर एकाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्यात, अशी साखळीच. बाकी रानात ज्वारी-बाजरीसारखी धान्यं, कापूस आणि मेंढरं.

तलाव बांधणाऱ्याला पुण्य लगेच मिळायचं. गाळाचा हिशोब मागाहून शेतकऱ्याकडे. उघड्या टेकड्यांवरून माती वाहून येते, साठा घटतो, आणि पाऊस हुकला तर तलाव असून नसल्यासारखा. कृष्णदेवरायाच्या मोठ्या तलावाचं काम पाइशनं स्वतः पाहिलं, पंधरा-वीस हजार माणसं राबत होती म्हणतो. भराव पुन्हापुन्हा फुटत होता. नूनिश लिहितो, की त्या पाण्याखालची जमीन लोकांना नऊ वर्षं बिनसाऱ्यानं दिली. माझ्या मते हे औदार्य कमी आणि गरज जास्त. एवढी सूट दिल्याशिवाय असल्या बेभरवशाच्या पाण्यावर भात लावायला कोण येणार? आणि तांदूळ तर हवाच होता, देवळांच्या नैवेद्याला आणि श्रीमंतांच्या पंगतीला. साध्या माणसाचं पोट बहुधा कोरडवाहू धान्यावरच चालायचं, म्हणजे ज्याची नोंद कुणी ठेवली नाही त्या शेतावर.

१५६५च्या राक्षसतंगडीच्या लढाईनंतर शहर ओस पडलं. गिऱ्हाईक गेलं, तरी नदीचे कालवे चालू राहिले. तलावांतले कित्येक गाळानं भरून गेले. आज त्यांच्या पोटातच पिकं घेतात.