तंबूतला उजेड आणि त्यामागची वीज

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत सिनेमा बराच काळ ट्रकमधून यायचा, आणि त्याची वीजही ट्रकमधल्या जनरेटरमधूनच. नीरा डाव्या कालव्यामुळे या पट्ट्यात ऊस आला, वालचंद हिराचंदांनी कळंबजवळ वालचंदनगर वसवले, पुढे सहकारी कारखाने निघाले. दिवाळीनंतर गळीत सुरू झाले की हातात पैसा खेळे. चैत्र-वैशाखात जत्रा भरत. पश्चिम महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजचा, म्हणजे तंबूतल्या फिरत्या सिनेमाचा, धंदा याच महिन्यांवर चाले. पावसाळ्यात कनाती गुंडाळून ठेवलेल्या.

तंबूतल्या प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसे, कार्बनच्या दोन कांड्या असत. ऑपरेटर त्या एकमेकींना टेकवून लगेच किंचित दूर करी आणि मधल्या फटीत आर्क पेटे. कांड्या जळत जात, फट वाढे, म्हणून काळ्या काचेतून बघत मूठ फिरवत राहावे लागे. जरा दुर्लक्ष झाले की पडदा पिवळा पडे आणि मागून शिट्ट्या सुरू. धन बाजूची कांडी जास्त झिजते, म्हणून ती जाड घेत.

या आर्कचा स्वभाव मात्र उलटा. प्रवाह वाढला की त्याचा विरोध घटतो, म्हणजे तो आणखी प्रवाह ओढतो. नुसते व्होल्ट देऊन भागत नाही. प्रवाहाला लगाम लागतो. म्हणून वाटेत तारेच्या वेटोळ्यांचा जाडजूड रेझिस्टन्स बसवत. तो तापून बरीच वीज वाया जाई, पण आर्क स्थिर राही. शिवाय वीज एकदिश हवी. 50 हर्ट्‌झच्या उलटसुलट विजेवर आर्क सेकंदाला 100 वेळा मंदावतो. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा, आणि शटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवते, म्हणजे पडद्यावर उजेड सेकंदाला 48 वेळा. 48 ची दुप्पट 96, म्हणजे शंभराच्या अगदी जवळ. शंभर आणि शहाण्णव यांतला चाराचा फरक पडद्यावर डुलत्या उजेडासारखा दिसतो. रेक्टिफायरची पेटी यासाठीच होती.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत खांब गावोगाव पोचले. तरी तंबूवाल्यांनी जनरेटर सोडला नाही, आणि त्यात शहाणपण होते. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की लाइनच्या टोकाचे व्होल्टेज बसते. भारनियमन तर विचारूच नये. डिझेलचा खर्च परवडे, अर्ध्यात बंद पडलेला खेळ परवडत नसे.

कार्बननंतर झेनॉन दिवा आला. तो पेटवायला क्षणभर हजारो व्होल्टचा झटका लागतो आणि पेटल्यावर वीस-तीस व्होल्टवर भरपूर अँपिअर. लगाम इथेही लागतोच. मग टीव्ही, व्हिडिओ आणि डिजिटल प्रिंट यांनी तंबू ओसरले. त्यांच्या अखेरच्या दिवसांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

आता मिरवणुकीत आणि हौशी कारागिराच्या टेबलावर लेसर आहे. भारतातला पहिला अर्धवाहक लेसर 1964 मध्ये तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात तयार झाला. आज लाल, हिरवे, निळे डायोड सुटे मिळतात आणि दोन हलत्या आरशांच्या जोडीने घरीच प्रोजेक्टर जुळवता येतो. डायोड आर्कच्याच वळणाचा: तापला की त्याच व्होल्टवर जास्त प्रवाह घेतो. लालला दोन-सव्वादोन व्होल्ट पुरतात, निळ्याला चार-साडेचार. म्हणून प्रत्येक रंगाला प्रवाह बांधून ठेवणारा वेगळा ड्रायव्हर देतात. क्षणाचा उसळता झटकाही डायोड मारतो. आरशांना मात्र धन आणि ऋण अशी दुहेरी वीज लागते, आणि रेषेच्या प्रत्येक कोपऱ्यावर त्यांची मागणी उसळते. वीज पुरवणाऱ्या एकाच पेटीवर डायोड आणि आरसे दोघांना बसवले की कोपरे गोल होतात आणि रंग थरथरतो. या पेटीत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर शांत पण जड. एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा, हलका, आणि साधारण 90 ते 264 व्होल्टपर्यंत काहीही पचवणारा. गावाकडच्या विजेला दुसराच सोयीचा.

आरशांची वीज आधी गेली तर किरण एका ठिकाणी खिळतो आणि डोळ्यांना तोच घातक. त्यामुळे चालू करताना आरसे आधी आणि बंद करताना लेसर आधी, असा क्रम ठेवतात. 2023 च्या गणेशोत्सवात लेसरमुळे डोळे अधू झाल्याच्या तक्रारी पुण्यातून आल्या. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेसर झोतांवर बंदी घातली.