हलवर्णच्या पायगेचं पत्र
सातवीला शिवकाल आला की मी मुलांना पाठ्यपुस्तक मिटायला सांगतो आणि एका पत्राची झेरॉक्स वाटतो. शिवाजी महाराजांचं हे पत्र राज्याभिषेकाच्या आसपासचं. मौजे हलवर्ण, तालुका चिपळूण, मामले दाभोळ इथल्या पायगेचे जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेलं. मूळ मोडी, वर्गात वाचतो ते बाळबोध. शाळा याच तालुक्यातली, त्यामुळे पत्ता ऐकूनच मागचे बाकसुद्धा सावरून बसतात.

पत्रात लढाई नाही. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांचं धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजी ओरबाडायला लागाल, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुमचाच जाच जास्त वाटेल, असा त्याचा रोख. पुढे आगीची ताकीद: रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात पळवेल आणि गवत भडकेल. ज्यांच्या घरी पेंढ्याची उडवी असते ती पोरं इथे मान डोलावतात. त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मग खरा तास सुरू होतो. कोणी लिहिलं, कोणाला, कशासाठी? एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, म्हणजे सैनिकांनी लूट केली होती?" तसं या पत्रावरून ठरत नाही, लुटीची धास्ती होती, एवढंच कळतं. ताकीद पाळली गेली का, तेही यात नाही. एवढा विवेक सातवीची पोर दाखवते, आणि जयंतीला माईक हाती आलेल्या भल्याभल्यांना तो सुचत नाही.

ही रीत काही माझी नव्हे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपतपर्यंतच्या पत्रांचा, आणि प्रस्तावनेत बखरींची झाडाझडती घेतली. मी मात्र सभासदाची बखरही वाचायला देतो. सभासदानं ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली, शिवाजी महाराज गेल्यावर दीडएक दशकानं. त्याला सगळी गोष्ट शेवटापर्यंत ठाऊक होती. हलवर्णला पत्र धाडणाऱ्याला येणारा पावसाळा कसा जाईल तेही ठाऊक नव्हतं. कागद केव्हाचा, हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला की बाकीची सनावळी आपोआप जागेवर येते.

आपल्याकडे जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी कागदांची बोचकी अजून आहेत. घर दुरुस्तीला काढाल तेव्हा ती बंबात घालू नका. आधी मोबाईलवर फोटो काढा, मोडी वाचणाऱ्याला दाखवा, आणि एक नक्कल गावच्या शाळेत द्या.