अणुप्रणोदित विमान प्रकल्प (अमेरिका)

अणुप्रणोदित विमान प्रकल्प हा अणुभट्टीच्या उष्णतेवर चालणारे बाँबफेकी विमान तयार करण्यासाठी अमेरिकेने १९४६ ते १९६१ या काळात राबविलेला संशोधन प्रकल्प होय. सुमारे १ अब्ज डॉलर खर्च होऊनही त्यातून अणुशक्तीवर उडणारे एकही विमान तयार झाले नाही.

पार्श्वभूमी

आंतरखंडीय क्षेपणास्त्रे येण्यापूर्वी दूरच्या लक्ष्यापर्यंत अण्वस्त्र नेण्यासाठी विमानावरच भिस्त होती आणि विमानाचा पल्ला इंधनाच्या साठ्यावर ठरत असे. अणुभट्टी बसविलेले विमान इंधन न भरता कित्येक दिवस हवेत राहू शकेल, या अपेक्षेने मे १९४६ मध्ये प्राथमिक अभ्यास सुरू झाला. १९५१ पासून हवाई दल व अणुऊर्जा आयोग यांनी हे काम संयुक्तपणे चालविले.

इंजिने

जनरल इलेक्ट्रिकच्या 'प्रत्यक्ष' पद्धतीत संपीडकातून आलेली हवा थेट अणुभट्टीच्या गाभ्यातून जाऊन तापत असे व टर्बाइन फिरवून बाहेर पडत असे. रचना सोपी होती. परंतु इंधनघटकाला तडा गेल्यास किरणोत्सर्गी द्रव्ये झोताबरोबर वातावरणात मिसळण्याचा धोका होता. प्रॅट अँड व्हिटनीच्या 'अप्रत्यक्ष' पद्धतीत उष्णता बंदिस्त द्रवामार्फत इंजिनाकडे नेली जाणार होती. आयडाहो येथे १९५६ मध्ये जमिनीवरील चाचणीत टर्बोजेट इंजिन केवळ अणुभट्टीच्या उष्णतेवर चालविण्यात आले. ओक रिज येथे १९५४ मध्ये वितळलेल्या क्षारांच्या लहान अणुभट्टीची चाचणी झाली. पुढील काळातील द्रव-क्षार अणुभट्ट्यांच्या संशोधनाचा उगम तेथे आहे. प्रकल्पाचे हेच सर्वांत टिकाऊ फलित म्हणता येईल.

संरक्षक कवच

प्रकल्पाची खरी अडचण इंजिनापेक्षा माणसाची होती. अणुभट्टीला सर्व बाजूंनी पुरेसे कवच घातले तर विमान उचलले जाणार नाही, आणि कवच कमी केले तर वैमानिक वाचणार नाहीत. म्हणून कवच विभागण्यात आले. काही भट्टीभोवती, काही कर्मचाऱ्यांच्या कक्षाभोवती. तसे केल्याने विमानाच्या उरलेल्या भागावर अधिक किरणोत्सर्ग पडे आणि त्याने रबर, वंगण व इलेक्ट्रॉनिक उपकरणे खराब होत.

या कवचाची चाचणी कॉन्व्हेर एनबी-३६एच या विमानावर झाली. १९५२ मध्ये कार्सवेल तळावरील टोर्नेडोत नुकसान झालेले बी-३६ विमान त्यासाठी निवडले गेले. पाच जणांचा चमू शिसे व रबर यांनी मढविलेल्या, सुमारे ११ टनांच्या कक्षात बसे. काचा २५ ते ३० सेंटिमीटर जाडीच्या होत्या. मागील भागात १ मेगावॉटची अणुभट्टी होती. ती चालू असे, मात्र विमान नेहमीच्या इंजिनांवरच उडे. १९५५ ते १९५७ दरम्यान ४७ उड्डाणे झाली. विमान कोसळल्यास तो परिसर तत्काळ बंद करता यावा म्हणून सोबतच्या विमानात सशस्त्र छत्रीधारी सैनिक असत. 

सोव्हिएत संघ व समाप्ती

डिसेंबर १९५८ मध्ये 'एव्हिएशन वीक' या नियतकालिकाने सोव्हिएत अणुविमानाच्या उड्डाणचाचण्या सुरू असल्याचे वृत्त दिले. ते चुकीचे निघाले, परंतु प्रकल्पाच्या समर्थकांना त्याने बळ मिळाले. सोव्हिएत संघाने प्रत्यक्षात १९६१ मध्ये तू-९५एलएएल या विमानातून अणुभट्टी नेली. तिचाही प्रणोदनाशी संबंध नव्हता.

तोपर्यंत क्षेपणास्त्रे व हवेत इंधन भरण्याचे तंत्र यांमुळे अणुविमानाची गरज ओसरली होती. लष्करी उपयोगाचे विमान नजीकच्या काळात मिळण्याची शक्यता फार कमी असल्याचे सांगून राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी २८ मार्च १९६१ च्या संदेशात प्रकल्प थांबविण्याचे जाहीर केले. चाचणीसंचांपैकी दोन आयडाहोतील आर्कोजवळ उघड्यावर प्रदर्शनात मांडले आहेत.