बर्फाच्या टबाची गोष्ट

हल्ली जिममध्ये घाम गाळून झाला की मंडळी थेट बर्फाच्या टबात उतरतात. हे आलं कुठून म्हणून जरा मागे गेलो. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी दुखापतीसाठी ‘राइस’ हा शॉर्टफॉर्म काढला: रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन. (आपला भात नव्हे!) मुरगळलेल्या घोट्यावरचा हा बर्फ पुढे धडधाकट अंगावरही आला. २००२ मध्ये पॉला रॅडक्लिफने म्युनिकला १०,००० मीटरचं युरोपियन सुवर्ण जिंकलं, बर्फस्नानालाही श्रेय दिलं. मग काय, टबांना भाव आला!

गंमत पुढे आहे. २०१४ च्या सुमारास खुद्द मर्किनसाहेबांनीच लिहिलं की बर्फाने बरं व्हायला उशीर होऊ शकतो, कारण सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातला २१ पुरुषांवरचा प्रयोग छापून आला. १२ आठवडे वजनं उचलली, प्रत्येक वेळी नंतर काहीजण १० मिनिटं गार पाण्यात बसले, बाकीच्यांनी हलकं सायकलिंग केलं. गार पाणीवाल्यांचे स्नायू कमी वाढले.

ठणका मात्र गारव्याने कमी वाटतो, हे खरं. उद्या परत शर्यत असेल तर बसा खुशाल. पण दंड कमवायला आलेला माणूस त्याच टबात का उतरतो, ते मला अजून कळलेलं नाही.